महापौरांची नेमणूक, परिषदेची संमती

महापौराने खातेप्रमुख नेमायचे, ही कल्पनाच मुंबईच्या वाचकाला परकी वाटेल. आपल्याकडे महापौर सभागृहाचे अध्यक्षस्थान भूषवतात. प्रत्यक्ष कारभार पाहणारा आयुक्त १८८८च्या कायद्यानुसार राज्य सरकार नेमते. न्यूयॉर्कमध्ये मात्र थेट निवडून आलेला महापौरच बहुतेक खात्यांचे प्रमुख नेमतो. त्याच्या या अधिकाराला नगर परिषदेने लगाम घालावा का, हा वाद तिथे जुना आहे.

एकेकाळी असा लगाम होता. नगरसेवकांच्या मंडळाने मान्यता दिल्यावाचून महापौरांच्या नेमणुका पक्क्या होत नसत. पण मंडळावर ‘टॅमनी हॉल’ या डेमोक्रॅटिक यंत्रणेच्या पुढाऱ्यांची पकड असे आणि मान्यतेच्या बदल्यात आपल्या माणसांसाठी जागा मागितल्या जात. जाब कोणाला विचारायचा, हे मतदाराला कळत नसे. १८८४ मध्ये राज्य विधिमंडळाचे तरुण सदस्य थिओडोर रूझवेल्ट यांनी कायदा करवून मंडळाचा हा अधिकार काढून घेतला. नेमणूक एकाची, तर जबाबदारीही त्याचीच, असा त्यामागचा विचार.

१४० वर्षांनी वारे फिरले. २०२४ मध्ये परिषदेने आणखी सुमारे वीस पदांसाठी आपली संमती आवश्यक करणारे विधेयक मंजूर केले. मात्र निवडून आलेल्या पदाधिकाऱ्याचा अधिकार घटवायचा, तर राज्याच्या कायद्यानुसार मतदारांचा कौल लागतो. महापौर एरिक ॲडम्स यांनी त्याच वर्षी सनद दुरुस्ती आयोग नेमला होता. अशा आयोगाचे प्रश्न मतपत्रिकेवर आले, की परिषदेचा प्रश्न मागे पडतो. तसेच झाले.

शहराच्या मुख्य विधी अधिकाऱ्याच्या नेमणुकीला मात्र २०१९च्या सनद दुरुस्तीपासून संमती लागते. २०२४ मध्ये त्या पदासाठी रँडी मास्ट्रो यांचे नाव आले. उघड सुनावणीत नगरसेवकांनी त्यांना कठोर प्रश्न विचारले. पुढे मास्ट्रो यांनी माघार घेतली. २०२५ मध्ये महापौरांनी त्यांनाच पहिले उपमहापौर नेमले. त्या पदाला संमती लागत नाही!

म्हणजे संमतीच्या अधिकाराने नको असलेला माणूस कायमचा दूर राहतोच असे नाही. त्याचे मोल उघड चौकशीत आहे. बंद दाराआड तो वापरला, की त्याचा सौदा होतो. मुंबईत एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांशांनी ठराव केला, तर आयुक्ताला हटवावे लागते. नेमणुकीपूर्वी प्रश्न विचारण्याची सोय मात्र त्यांना नाही.