काटोलचा दगड, लोणारचा दणका

२२ मे २०१२. काटोलच्या संत्रापट्ट्यातली भर दुपार. या दिवसांत वैदर्भीय शहाणा माणूस कूलरसमोरून हलत नाही. मिरग अजून पंधरा दिवस लांब, आणि आभाळात धडाडधूम! पाठोपाठ शिवारात दगड. शास्त्रज्ञांनी त्यांची जात लावली, एल-६ कॉन्ड्राइट. जात काही फार दुर्मीळ नाही. पडताना दिसलेल्या अशनींपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त याच एल घराण्यातले असतात. पण या दगडाच्या पोटात जे निघालं, ते बाप्पा, भल्याभल्यांना खोदूनही सापडलेलं नाही.

पाताळातलं खनिज आभाळातून

आपल्या पायांखाली ६६० किलोमीटरपासून २९०० किलोमीटरपर्यंत खोल गेलं, तर तिथं सगळ्यात जास्त काय आहे? ब्रिजमनाइट. साऱ्या पृथ्वीत याच्याइतकं मुबलक दुसरं खनिज नाही. तरी २०१४पर्यंत त्याला नावच नव्हतं, कारण नियम असा की निसर्गात तयार झालेला नमुना हाती आल्याशिवाय खनिजाचं बारसं करायचं नाही. घरातला कर्ता माणूस आणि तोच बिननावाचा! शेवटी नमुना मिळाला तो ऑस्ट्रेलियात १८७९ साली पडलेल्या टेनहॅम अशनीत. उच्च दाबावर आयुष्य घालवून १९४६चं नोबेल मिळवणाऱ्या पर्सी ब्रिजमन यांचं नाव त्याला दिलं गेलं.

काटोलच्या अशनीतही हेच खनिज सापडलं. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१मध्ये ते जाहीर केलं. ते घडायला २३ ते २५ गिगापास्कल दाब लागला असावा, असा त्यांचा हिशेब. आपल्या वातावरणाच्या सव्वादोन ते अडीच लाख पट!

आता एखाद्या लघुग्रहाच्या पोटात एवढा दाब कुठून येणार? तो पृथ्वीसारखा अवजड नाही, स्वतःच्या वजनाने दबून दबून किती दबणार? म्हणजे दाब बाहेरून आला. कोणीतरी येऊन आदळलं.

काळ्या रेघा

टक्कर झाली की आघाताची लाट दगडातून सुसाट जाते. सगळा दगड सारखा तापत नाही. भेगा आणि पोकळ्यांच्या कडेने तो क्षणात वितळतो आणि बाजूच्या थंड भागामुळे लगेच गोठतो. कापलेल्या अशनीत या रेघा काळ्या शिरांसारख्या दिसतात. पाताळातली खनिजं त्यांतच दडलेली असतात. सावकाश निवली असती, तर ती पुन्हा साध्या रूपात परतली असती. गोठण्याची घाई झाली म्हणून पुरावा टिकला.

आणि आपलं लोणार

काटोलचा दगड वर मार खाऊन खाली आला. लोणारला मार खाल्ला तो आपल्याच काळ्या पत्थराने. अकोल्याहून पातूरचा घाट चढून मालेगाव-मेहकर करत गेलात, तर वाटेत उघडा पडलेला जो खडक दिसतो, तोच हा बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. आणि गंमत अशी की याच खडकामुळे लोणारचा उलगडा अडला होता. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं गोल विवर, तेही लाव्ह्याच्या मुलखात; ज्वालामुखीचं तोंड म्हणायला कोणाची हरकत? लोकांनी लवणासुराच्या वधाची कथा सांगितली, ‘ऐन-इ-अकबरी’ने इथल्या काच-साबणाच्या सामग्रीची नोंद केली, इंग्रज अधिकाऱ्याने १८२३मध्ये पाहून लिहून ठेवलं. पण खाली काय गाडलंय, ते कळेना.

जगात इतरत्र आघाताची खूण म्हणून क्वार्ट्झच्या कणांतल्या बारीक समांतर रेषा बघतात. आपल्या बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झची बोंब! मग साक्ष दिली फेल्डस्पारने. शाळेच्या वर्गात पोरं रांगेत बसली आहेत, बाहेर सुतळी बॉम्ब फुटला. पोरं वर्गातच आहेत, पण रांगा गेल्या. फेल्डस्पारच्या कणाचं नेमकं तेच झालं. कणाचा आकार तोच, आतली अणूंची शिस्त मात्र मोडली. न वितळताच त्याची काच झाली. या काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात. तळाशी छिद्रं पाडून काढलेल्या नमुन्यांत ती सापडली आणि १९७३मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कर्ट फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी निकाल लावला की हे आघाताचंच विवर. साध्या ज्वालामुखीला असा दाब जमत नाही.

चंद्रावरून आणलेल्या दगडांशी लोणारची तुलना होते ती यामुळेच. चंद्राचा काळा भागही बेसॉल्टचाच, आणि तोही मार खाल्लेला.

तीच काच, मंगळावरची

मॅस्केलिनाइट पहिल्यांदा ओळखला गेला तोसुद्धा भारतात पडलेल्या दगडात. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमध्ये गयेजवळच्या शेरघाटीला एक अशनी पडला. १८७२मध्ये खनिजतज्ज्ञ चेरमाक यांनी त्यातल्या काचेचं वर्णन केलं. हा दगड मंगळाचा, हे कळायला मात्र पुढची शंभरेक वर्षं गेली. तिथं कोणीतरी जोरात आदळलं, तुकडे अंतराळात उडाले, त्यातला एक बिहारात. अंटार्क्टिकात सापडलेल्या याच जातीच्या अशनीतल्या काचेत तर वायू कोंडलेले निघाले, आणि ते १९७६मध्ये वायकिंग यानांनी मोजलेल्या मंगळाच्या हवेशी जुळले. दणक्याने बाटलीबंद केलेली हवा!

फरशीतला डाग

स्वीडनमधल्या थॉर्सबर्गच्या खाणीत चुनखडीच्या लाद्या कापतात. काही लाद्यांत काळपट डाग यायचे; गिऱ्हाईक नको म्हणायचं, लादी बाजूला. ते डाग म्हणजे अशनी! शंभराहून जास्त मिळाले, जवळजवळ सगळे काटोलच्याच एल घराण्यातले. सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी या घराण्याचा मूळ लघुग्रह फुटला आणि त्याचा चुरा पृथ्वीवर बरसत राहिला. आज पडणाऱ्या कित्येक एल अशनींतली अरगॉन वायूची घड्याळंही त्याच सुमाराची वेळ दाखवतात, कारण दणक्याच्या उष्णतेने साठलेला वायू निसटला आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली.

लोणारला हीच अरगॉनची युक्ती वापरल्यावर वय आलं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. त्याआधी दुसऱ्या पद्धतीने, खडकातून निघणारा उजेड मोजून, आलं होतं ५२ हजार. एका जागेची दोन वयं आणि फरक दहापटीचा. सरकारी कागदावरच्या जन्मतारखेसारखा.