सपाट म्हणजे किती सपाट?

बिदरच्या बिदरी कामाची, म्हणजे काळ्या धातूवरच्या चांदीच्या नक्षीची, सुरुवात चांदीने होत नाही, कानशीने होते. जस्तात थोडं तांबं मिसळून ओतलेलं भांडं साच्यातून खडबडीत निघतं. कारागीर ते घासून गुळगुळीत करतो आणि वरून मोरचुदाचं पाणी लावतो. धातू काळपट होतो. आता त्यावर ओढलेली बारीकशी रेघही लखकन दिसते. हा काळेपणा तात्पुरता. बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांनी येणारा पक्का काळा रंग अगदी शेवटी. पण युक्ती पाहा: डोळ्याला दिसत नाही, ते रंगाकडून वदवून घ्यायचं!

होडीच्या इंजिनाला जुना एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बसवताना नेमकं हेच करावं लागतं. मॅनिफोल्ड म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करून बाहेर नेणारा भाग, बहुधा बिडाचा. चाळीस सेंटिमीटरचं बीड ४०० अंशांनी तापलं, तर सुमारे पावणेदोन मिलिमीटर लांबू पाहतं. पण त्याला धरून ठेवणारं इंजिनाचं हेड तितकं तापत नाही. ही ओढाताण हजारो वेळा झाली की बीड वाकतं. नट सोडले की तो बाक उघडा पडतो. जुना भाग आपल्या आधीच्या इंजिनाचं दुखणं अंगात घेऊनच येतो.

नट आवळून बाक जात नाही. बीड ठिसूळ असतं, त्याचा कानच तुटतो. जाड पॅकिंग घातलं तरी दाब सगळीकडे सारखा बसत नाही, आणि फटीतून कार्बन मोनॉक्साइड निसटतो. त्याला ना रंग, ना वास. बंद केबिनमध्ये तो जीव घेतो.

मग सपाटी तपासायची कशी? ज्याच्यावर ठेवून पाहायचं, ते तरी सपाट आहे कशावरून? जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने १८४० मध्ये ग्लासगोच्या विज्ञानसभेत याचं उत्तर मांडलं. दोन पाट्या एकमेकींशी जुळवत गेलं, तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट होऊनही त्या तंतोतंत जुळतात. म्हणून तीन पाट्या घ्यायच्या. रंग लावून एकमेकींवर टेकवायच्या, रंग उमटेल तो उंचवटा खरवडायचा. तिन्ही जोड्या जुळल्या, की तिन्ही पाट्या सपाटच! आधी कुठलीही सपाट वस्तू हाताशी नसताना सपाटी जन्माला येते.

आपल्याला इतके कष्ट नकोत. चांगली जाड काच पुरेशी सपाट असते. तिच्यावर पॉलिश कागद पसरा, मॅनिफोल्डच्या इंजिनाला टेकणाऱ्या सगळ्या तोंडांवर मार्करने रेघा ओढा आणि सगळी तोंडं एकदमच टेकवून घासा. रेघ पुसली तिथे उंचवटा, राहिली तिथे खड्डा. बाक जास्त असेल, तर कारखान्यात तोंडं यंत्रावर सपाट (फेसिंग) करून घ्या. पॅकिंग नवं घाला, नट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळा.

आणि जुन्या बाजारात मॅनिफोल्ड घ्यायला जाल, तेव्हा पिशवीत पोलादी पट्टी ठेवा. तोंडांवर ती आडवी धरा आणि पलीकडून उजेड दिसतो का, ते पैसे देण्याआधी पाहा.