राजा गेला, सिंह आले



शिरूर-दौंडकडच्या जुन्या घरांत आजीची एखादी पेटी असतेच. तिच्या तळाशी लुगड्याच्या घडीत जुनी नोट सापडली, तर ती नीट निरखून पाहा. देश स्वतंत्र कसा झाला, याची खूण तिच्यावर उमटलेली असते.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. पण त्यानंतरही बाजारात धान्याच्या पट्टीचे पैसे हाती पडत, ते इंग्लंडच्या सहाव्या जॉर्ज राजाच्या चित्राच्या नोटांत! त्यावर सही मात्र मराठी माणसाची. आजच्या रायगड जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते.

राजा लगेच का गेला नाही? चालता पैसा एका रात्रीत बदलला, तर बाजार ठप्प होतो. पाकिस्तानलाही घाई करता आली नाही. १९४८ साली तिथे आधी ज्या नोटा निघाल्या, त्या आपल्याच नाशिक रोडच्या छापखान्यात छापलेल्या होत्या. आपल्याच नोटांवर 'पाकिस्तान सरकार' अशी अक्षरे उमटवलेली होती, इतकेच.

राजाच्या जागी कोण, हाही प्रश्न होताच. आधी महात्मा गांधींचे चित्र घेण्याचा विचार झाला. तसे नमुनेही तयार झाले. शेवटी पसंती मिळाली सारनाथच्या अशोकस्तंभावरील सिंहांना. १९४९ साली सिंहांची पहिली नोट निघाली, ती एक रुपयाची. १९५० साली दोन, पाच, दहा आणि शंभराच्या नोटा आल्या. गांधीजी नोटेवर आले ते १९६९ साली, जन्मशताब्दीला. त्यांच्यामागे वर्ध्याजवळचा सेवाग्राम आश्रम होता.

एक गंमत पाहा. एक रुपयाची नोट सरकार काढते, म्हणून तिच्यावर अर्थसचिवांची सही असते. बाकीच्या नोटांवर गव्हर्नरांची.

आता कामाची गोष्ट. 'जुन्या नोटेला लाखो रुपये देतो, आधी फी भरा,' असा फोन आला, तर एक पैसाही पाठवू नका. अशा व्यवहाराशी आपला संबंध नाही आणि आपण कसलेही कमिशन घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीर केले आहे. नोट विकायची घाई नको. आधी नातवंडांना जवळ बसवा आणि राजा कसा गेला, ते सांगा.