भाजीपाल्याच्या टिकाऊपणासाठी शाश्वत सक्रिय वेष्टन : एक विवेचन

प्रस्तावना :
काढणीनंतरही भाजी सजीवच असते. तिचे श्वसन चालू राहते; ती ऑक्सिजन घेते आणि कार्बन डायऑक्साइड, बाष्प व उष्णता बाहेर टाकते. मात्र मुळांकडून होणारा पाणीपुरवठा थांबलेला असल्याने पालेभाजी कोमेजते, गाजर मऊ पडते. भाजी नासते तेव्हा तिच्यासाठी वापरलेले पाणी, खत आणि शेतकऱ्याचे श्रमही वाया जातात. या दृष्टीने वेष्टनाचा विचार महत्त्वाचा ठरतो.

सक्रिय वेष्टनाची संकल्पना :
साधे वेष्टन भाजीस धूळ व इजेपासून केवळ संरक्षण देते. सक्रिय वेष्टन आतील वातावरणात बदल घडवून आणते. अपायकारक घटक शोषते अथवा उपयुक्त घटक हळूहळू सोडते. त्याचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१) इथिलीनशोषक : फळे स्वतः इथिलीन वायू निर्माण करतात, हे रिचर्ड गेन यांनी १९३४ मध्ये सिद्ध केले. या वायूमुळे टोमॅटो पिकतो, तर ब्रोकोली व पालेभाज्या पिवळ्या पडतात. पोटॅशियम परमँगनेटयुक्त पुडी इथिलीनचे ऑक्सिडीकरण करते. तिचा जांभळा रंग तपकिरी झाला की तिची क्षमता संपत आल्याचे समजते. हे रसायन विषारी असल्याने त्याचा भाजीशी प्रत्यक्ष संपर्क येता कामा नये.

२) आर्द्रतानियंत्रक : वेष्टनात साचलेल्या थेंबांवर बुरशी वाढते. शोषक थर हे जादा पाणी टिपून घेतो.

३) सूक्ष्मजीवरोधक : ओव्यातील थायमॉलसारखे वनस्पतिजन्य घटक आवरणात मिसळून बुरशी व जिवाणूंच्या वाढीस आळा घालता येतो. तथापि त्यांचा उग्र वास भाजीस लागण्याची शक्यता असते.

शाश्वततेचा प्रश्न :
भाजी वाचवताना प्लॅस्टिकचा कचरा वाढत असेल, तर एक हानी टाळून दुसरी ओढवून घेतल्यासारखे होते. महाराष्ट्र शासनाची २३ मार्च २०१८ ची अधिसूचना आणि १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेली निवडक एकल-वापर प्लॅस्टिक वस्तूंवरील बंदी यांमुळे हा प्रश्न अधिक ठळक झाला आहे. स्टार्च, पॉलिलॅक्टिक आम्ल आणि कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणारे कायटोसान हे पर्याय अभ्यासले जात आहेत. कायटोसानमध्ये सूक्ष्मजीवरोधक गुणही आहे. परंतु त्याचे आवरण ओलाव्यात कमकुवत होते. पॉलिलॅक्टिक आम्लाच्या जलद विघटनासाठी सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाचे औद्योगिक खतनिर्मिती केंद्र आवश्यक असते. उकिरड्यावर ते दीर्घकाळ तसेच राहते. म्हणजेच केवळ ‘जैवविघटनशील’ असा शिक्का शाश्वततेची हमी देत नाही.

मर्यादा :
सर्व भाज्यांना एकच वेष्टन चालत नाही. ब्रोकोलीस शून्य अंशाजवळचे तापमान मानवते, तर काकडीस १० अंशांखाली शीतइजा होते. वेष्टनात ऑक्सिजन अत्यल्प झाल्यास विनॉक्सी श्वसन सुरू होऊन भाजीस दुर्गंधी येते. म्हणून सूक्ष्मछिद्रांचे प्रमाण भाजीच्या श्वसनदरानुसार ठरवावे लागते. तापमान १० अंशांनी वाढल्यास श्वसनाचा वेग साधारणतः दोन ते तीन पट होतो. त्यामुळे उन्हात तापलेली भाजी उत्तम वेष्टनातही टिकत नाही.

निष्कर्ष :
सक्रिय वेष्टन हे शीतसाखळीस पूरक आहे, पर्याय नव्हे. सकाळी काढणी, सावलीत प्रतवारी व त्वरित शीतकरण यांची जोड मिळाली तरच त्यावरील खर्च सार्थकी लागतो. वाचलेली भाजी, वेष्टनाचा खर्च आणि मागे उरणारा कचरा या तिन्हींचा एकत्रित हिशेब हाच त्याच्या शाश्वततेचा खरा निकष होय.