नसबंदी त्याची का नाही?

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री-नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुषांचं अवघं ०.३! वास्तविक बाईच्या शस्त्रक्रियेत पोटात शिरावं लागतं. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी चीनच्या डॉ. ली शुनचियांग यांनी १९७४ साली विकसित केली. जागा बधिर करून अंडकोशाच्या कातडीला बारीक छिद्र पाडतात, शुक्रवाहिनी बाहेर ओढून कापतात, बांधतात. अर्ध्या तासात काम उरकतं, माणूस चालत घरी जातो. ‘मर्दानगी जाते’ ही निव्वळ थाप. पुरुषी संप्रेरक थेट रक्तात मिसळतं, त्याचा या नळीशी संबंधच नाही. वीर्यही जवळपास तेवढंच राहतं. त्यात शुक्राणूंचा वाटा मुळात जेमतेम. मात्र आधीचे शुक्राणू वाटेत शिल्लक असतात. म्हणून तीन महिने निरोध वापरायचा, आणि वीर्यतपासणीत शुक्राणू शून्य आले की मगच तो सोडायचा. नेमकी हीच तपासणी बरेच जण टाळतात.