जुन्या वर्कस्टेशनमध्यें नवें ग्राफिक्स कार्ड

अकोल्याजवळ पारस येथें प्रत्येकीं २५० मेगावॅटचे दोन संच वीज निर्माण करतात. परंतु अमरावतीच्या एखाद्या घरांत टेबलाखालीं ठेवलेल्या वर्कस्टेशनला त्या विपुलतेचा उपयोग नाहीं. त्याच्या पोटांतील एसएमपीएस नांवाची पेटी जेवढे वॅट देईल, तेवढ्यांवरच त्यास निर्वाह करावा लागतो. हल्लीं वास्तुशास्त्राचा किंवा यंत्रबुद्धीचा अभ्यास करणारीं मुलें व सुना कचेऱ्यांतून निवृत्त झालेलीं वर्कस्टेशनें स्वस्तांत आणतात आणि त्यांत बलवान् ग्राफिक्स कार्ड बसवूं पाहतात. बेत उत्तम आहे. मात्र वडील माणसांनीं किंमत विचारण्यापूर्वीं वॅट विचारावे.

हिशेब गृहिणीच्या महिन्याच्या खर्चासारखाच आहे. समजा, पेटीवर २९० वॅट लिहिले आहेत. प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणवीत असला, तरी कामाच्या भरांत तो अधिक मागतो, ९० धरा. मदरबोर्ड, रॅम, डिस्क व पंखे मिळून ५०. उरले १५०. पण पेटी काठोकाठ वापरूं नये, विशेषतः ती आठदहा वर्षें राबलेली असतां. म्हणून पंचमांश, म्हणजे ५८ वॅट, राखून ठेवावे. हातीं राहतात सुमारें ९०. त्यांत स्लॉटमधूनच पोसलें जाणारें कार्ड सुखानें नांदेल. उदाहरणार्थ, ७० वॅटचें आरटीएक्स ए२०००. तेथें १७० वॅटचें आरटीएक्स ३०६० आणणें म्हणजे दोन खोल्यांच्या बिऱ्हाडीं सबंध वऱ्हाड उतरविणें होय!

पीसीआय एक्सप्रेस स्लॉट फार तर ७५ वॅट देतो; सहा पिनांची केबल आणखी ७५, आठ पिनांची १५०. कार्डाला आठ पिनांची जागा आहे व पेटीला तशी केबल नाहीं, तर तो पेटीचा स्पष्ट नकार समजावा. येथेंच दुकानांतील स्वस्त जोडकेबल मोह घालते. डिस्कच्या साटा तोंडांतून १२ व्होल्टांवर साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅटच, घ्यावयाचे असतात. त्यावरून सहा पिनांचे ७५ वॅट ओढूं गेलें, कीं प्लास्टिक वितळण्याचें भय असतें. २०२२ सालीं ४५० वॅटच्या आरटीएक्स ४०९० कार्डांचीं नवीं सोळा पिनांचीं जोडतोंडेंही कांहीं ठिकाणीं वितळलीं. केबल पूर्णपणें न खोंचणें हें त्याचें एक कारण ठरलें. कोऱ्या मालाची ही गत, मग बाजारी जोडकेबलीची काय कथा?

“मोठी पेटी घालूं,” असें कोणी म्हणेल. परंतु नामांकित कंपन्यांच्या वर्कस्टेशनांत पेटीचा आकार व मदरबोर्डाचीं जोडतोंडें पुष्कळदां स्वतंत्र घडणीचीं असतात. बाजारांतील पेटी त्यांत बसेलच असें नाहीं. शिवाय एका पेटीच्या सुट्या केबली दुसरीस कधींही लावूं नयेत. तोंड जुळलें तरी आंतील तारांचा क्रम निराळा असूं शकतो, आणि मग क्षणांत डिस्कसुद्धां जळते. सुनेचा तीन वर्षांचा प्रबंध त्याच डिस्कवर असतो! त्याची दुसरी प्रत आधीं अन्यत्र ठेवावी, मगच झांकण उघडावें.

प्रत्यक्ष बसविणें त्यामानानें सोपें. प्लग काढावा, मग चालू करण्याचें बटण दाबून शिल्लक वीज निघूं द्यावी. सांगाड्याच्या उघड्या धातूस हात लावून अंगावरील स्थितिक वीज घालवावी, कारण कोरड्या हवेंत ती विशेष सांचते. कार्ड कडांशीं धरून सरळ दाबावें. खटका लागला कीं स्क्रू आवळावा. पेटी मात्र कोणत्याही कारणानें उघडूं नये.

असो. आपल्याकडे खरी परीक्षा वैशाखांत होते. मे २०२४ मध्यें उष्म्यामुळें अकोला जिल्ह्यांत १४४ कलम लावावें लागलें होतें. पेटीवरील आंकडा ठराविक तापमान धरून दिलेला असतो. भोंवतालची हवा त्याहून तापली, तर तेवढे वॅट मिळतील याचा भरंवसा नाहीं. कूलरचा ओला झोत थेट यंत्रावर सोडणें हाही उपाय नव्हे. यूपीएसचेंही गणित पाहावें: ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅट देतो. आंत ३०० वॅट लागत असतील आणि पेटीची कार्यक्षमता ८५ टक्के असेल, तर बाहेरून सुमारें ३५३ ओढले जातात. मॉनिटर त्यावर जोडला कीं वीज गेल्याक्षणींच यूपीएस मान टाकील. कार्डाची वॅटमर्यादा सॉफ्टवेअरमधून खालीं आणतां येते; गति थोडी घटते, उष्णता पुष्कळ. उन्हाळ्यांत तसें करून लांबलचक कामें रात्रीं अकरानंतर लावावीं.