हळद, पी-300 आणि जनुकं ‘बदलण्याची’ गोष्ट

करमाळा तालुक्यातलं केम कुंकवासाठी ओळखलं जातं. हळदीवर चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाची प्रक्रिया केली की पिवळ्याचा लाल होतो, कारण हळदीतल्या कर्क्युमिनचा रंगच पालटतो. याच कर्क्युमिनबद्दल मोबाइलवर फिरणारा दावा मात्र कुंकवाहून भडक: ‘हळद जनुकं बदलते, कॅन्सर पळवते.’

दावा अगदीच हवेतला नाही. 2004 मध्ये बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातल्या तपस कुंडू यांच्या गटाने दाखवलं, की कर्क्युमिन पी-300 या विकराला अडवतं. पेशीतला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. पी-300 हिस्टोनला अॅसिटिल गट चिकटवतं, मग पकड सैल होते आणि तिथलं जनुक वाचलं जाणं सोपं होतं. यात डीएनएचं एक अक्षरही बदलत नाही. जनुक तेच राहतं, फक्त ते किती वाचलं जावं हे ठरतं.

मग भाजीत हळद वाढवावी का? चवीसाठी जरूर. पण हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के, ते आतड्यातून फारसं शोषलं जात नाही आणि शोषलेलं शरीर झटपट निकालात काढतं. प्रयोगशाळेत ते थेट पेशींवर घालतात. ताटातून पेशीपर्यंतचा रस्ता फार लांबचा. माणसांमध्ये कर्क्युमिनने कॅन्सर बरा होतो हे सिद्ध झालेलं नाही. उलट, त्याच्या जास्त मात्रेच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ‘नैसर्गिक आहे, अपाय कसला’ हे वाक्य मला म्हणूनच धोक्याचं वाटतं.

दुसरा गैरसमज असा, की पी-300 अडवलं म्हणजे भलंच झालं. काही कॅन्सरमध्ये ते रोगाला हातभार लावतं, हे खरं. पण लिम्फोमा प्रकारच्या काही कॅन्सरमध्ये याच विकराचं किंवा त्याच्या जुळ्या सीबीपीचं जनुक बिघडलेलं सापडतं. या दोहोंपैकी एका जनुकाची एकच प्रत जन्मतः बिघडली, तर रुबिनस्टाइन-टायबी सिंड्रोम होऊ शकतो: रुंद अंगठे, खुंटलेली वाढ, बौद्धिक विकासात अडचण. 1963 मध्ये वर्णन झालेला हा विकार लाखात एखाद्या बाळाला होतो. बहुतेकदा बिघाड नव्यानेच घडलेला असतो, आईवडिलांकडून आलेला नसतो. गरोदरपणी आईने ग्रहण पाहिलं, अमुक खाल्लं, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

बाळाचे अंगठे खूप रुंद असतील आणि वाढही मागे असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, जनुकीय तपासणीबद्दल विचारा. आणि घरात कोणाचे कॅन्सरचे उपचार चालू असतील, तर हळदीच्या भरवशावर ते थांबवू नका.